होकार समजला जाईल

रूपेश, तू गेलास तेव्हा पासवर्ड
कांड्यांच्या हिशोबवहीत, मागच्या पुठ्ठ्यावर लिहून गेलास
तेवढं बरं केलंस.
आंधळगाव-कोसा डॉट इन.
नाव चौदा मागांचं,
कडी मात्र तुझ्या नंबरावर.

यंदा कंपनीनं नूतनीकरणाचे एकोणीसशे सांगितले,
भंडाऱ्याचा एक पोरगा सहाशेत करून देतो.
म्हटलं, हलवू नाव.
हलवायचं म्हणजे आधी लॉक काढायचं,
मग कोड मागायचा,
मग तो नव्या दारी नेऊन द्यायचा.
सासरे मागावरूनच म्हणाले,
"बैलाचा बजार होय हा. दावं सोडल्याबिगर
दुसरा कोन नेते गा?"

खटका सरकवला.
ओटीपी गेला तुझ्या फोनवर.
तो फोन आधी बंद लागायचा, मग
'अस्तित्वात नाही' म्हणायचा,
मग आम्ही लावणंच सोडलं.
आज वाजला.

बाईनं उचलला. पाठीमागं धानाचं मळणीयंत्र.
"रूपेश नाही जी इथं. कंपनीनं मले हाच नंबर देल्ला.
रोज कोनी ना कोनी मांगते त्याले."
शेवंता गुरनुले, ब्रह्मपुरीच्या अलीकडं कुठंतरी.
मी म्हटलं, ताई, आत्ता एक मेसेज आला असेल,
सहा आकडे, वाचून दाखवता?

गप्प.
मला ठाऊक होतं मी काय मागतेय.
'ओटीपी कोणालाही सांगू नका'
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलंय,
पेंटरला शब्द मीच लिहून दिले होते.

"माह्ये पैसे त नाही जात ना यात?"
नाही हो.
"का बनवता तुमी?"
कोशाची लुगडी.
"माह्या माहेरचे पारतात कोसे. येनाच्या झाडावर."
आणि मग, जणू तेवढी ओळख पुरे,
"चार. शून्य. शून्य...
थांबा, चष्मा आनते."
दहा मिनिटांची मुदत. सात गेली होती.

लॉक निघालं. आवाज काहीच नाही.
मी उगाच कान देऊन बसलेली.

कोड आला सोळा अक्षरांचा, तोंडात न मावणारा.
शून्य की ओ, कळेना.
सासऱ्यांनी स्क्रीन नक्षीच्या कागदासारखी डोळ्यांजवळ धरली :
"शून्य होय. याच्या पोटात रेघ हाये."

मग पाच दिवस थांबायचं.
मेलमध्ये लिहिलं होतं,
आपण काहीच न केल्यास होकार समजला जाईल.
माझ्या लग्नात तसंच समजलं होतं सगळ्यांनी.
सासरे म्हणाले, "फेरफाराले पंधरा दिवस नोटीस रायते,
इथं पाचच? आक्षेपवाला हैदराबादेहून येईन कसा?"
बोलले, आणि धोटा हातातच राहिला.

पाच रात्री नाव उघडं.
मी उठून उठून पाहायची, आहे ना.
बियाण्याचे कोसे ठेवतात, त्यातून पाखरू बाहेर पडू देतात;
त्या कोशाचा धागा मग तुटकाच निघतो.
बाकीचे आम्ही उकळतो.
अखंड धागा हवा तर आतल्याला दार सापडू द्यायचं नाही,
पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा हा.
तुझ्याबद्दल नाही म्हणत.

सहाव्या सकाळी नाव आलं आपल्याकडं.
पुन्हा लॉक लावलं. या वेळी दोन नंबर दिले,
माझा, आणि प्रतिभा सोरतेचा,
दोघी एकदम थोडीच जाणार आहोत.

दुपारी शेवंताबाईंचा फोन.
"झालं का जी तुमचं?"
झालं.
"मंग तो रूपेश सापडला त सांगजा.
दिवारीच्या दिवशी कोनीतरी फोन करते,
बाईमानूस असन, बोलत नाही काही.
मी बी ठेवत नाही."